आठ पेट्या आणि केसरबाईंची गच्ची

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारी माणसं समुद्र, किल्ले, परदेश बघून आलेली असतात. मी सहा दिवस एका व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरलो, आणि माझ्या मागे स्टीलच्या आठ पेट्या खडखडत होत्या. एवढ्यावर काही लिहिण्याचा मला अधिकार आहे का, हे मला खरंच माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि अर्ज लिहायचा झाला तरी बाबा शेजारच्या पाड्यावरच्या गुरुजींकडे जायचे. पण विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या प्रकल्प-अहवालात आकडे सगळे आहेत. माणसं कुठे आहेत? ती कॉलेजच्या अंकासाठी लिही." म्हणून लिहितो आहे. काही जास्त-कमी झालं तर समजून घ्या.

नाशिक, सोमवार

माझं गाव पेठ तालुक्यात डोंगरात आहे. नाशिकला मी पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुलांनी प्रकल्पासाठी नदी घेतली, नाले घेतले, प्लास्टिक घेतलं. मी उशिरा हात वर केला, म्हणून माझ्या वाट्याला गुडघा आला. मॅडमच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर आठवड्यातले काही दिवस जिल्ह्यातल्या छोट्या दवाखान्यांत जाऊन गुडघा बदलण्याची ऑपरेशनं करतात. एका ऑपरेशनमागे किती पाणी, किती वीज, किती कापड आणि किती कागद विनाकारण खर्च होतो, ते मोजून आणायचं, असं ठरलं.

मला आधी वाटायचं की ऑपरेशनला लागणारी सगळी हत्यारं त्या दवाखान्यातच असतात. तसं नसतं. नवा गुडघा पुरवणारा विक्रेता हत्यारांचा पूर्ण संच पेट्यांत भरून पाठवतो. हाड कापायचे साचे, डाव्या पायाचे वेगळे, उजव्याचे वेगळे, माप बसतं का ते बघायचे नमुने, लहान मापांची पेटी, मोठ्या मापांची पेटी. अशा आठ. आज घोटीला, परवा मनमाडला. ज्या दवाखान्यात जातील तिथे त्या धुवायच्या, कापडात किंवा निळ्या कागदात गुंडाळायच्या, वाफेच्या भट्टीत निर्जंतुक करायच्या, ऑपरेशन झालं की पुन्हा धुवून परत द्यायच्या.

या पेट्या वाहून नेणारे रावसाहेब. वय पंचावन्नच्या आसपास, डोक्याला मफलर, व्हॅनच्या आरशाला लिंबू-मिरची. मी त्यांना पहिल्या दिवसापासून अण्णा म्हटलं. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून प्रोफेसर म्हटलं.

"प्रोफेसर, पेटी उचलता येती का? का नुसती मोजता येती?"

मी उचलली. दोन पावलांत खाली ठेवली. आमच्याकडे नागलीचं पोतं मी सहज उचलतो, पण पोतं अंगाला बसतं. ही पेटी कुठूनच अंगाला बसत नव्हती.

"पोरी डोक्यावर पाणी आणत्यात तुमच्याकडं," अण्णा म्हणाले, "आणि तुला खोकं उचलंना."

घोटी, मंगळवार आणि बुधवार

जानेवारीचा शेवट होता. भातं निघून गेली होती, खाचरांत नुसती धसकटं उभी होती. घोटीत शिरलं की भातगिरण्यांची धूळ आणि कोंड्याचा वास येतो. मला तो वास घरचा वाटला. दवाखाना महामार्गापासून थोडा आत, वर पत्रा, खाली सहा-सात खोल्या. पण ऑपरेशनची खोली इतकी स्वच्छ, की चप्पल काढल्यावर आपले पायसुद्धा बाहेर ठेवावेत असं वाटावं.

मला आत जायला परवानगी नव्हती. शेजारच्या धुण्याच्या खोलीत मी वही घेऊन उभा. तिथली मालकी मंदा सिस्टरांची. पंचवीस वर्षं त्या हेच काम करतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "लिहायचंय ना? मग हात धुवून लिही. इथं पेनसुद्धा हात धुतल्याशिवाय धरायचा नाही."

त्यांनीच मला मोजायची रीत घालून दिली. ऑपरेशननंतर हत्यारांचे जे तुकडे वापरले गेले ते एका घमेल्यात, ज्यांना हातही लागला नाही ते दुसऱ्यात. पहिल्या बाईंचा डावा गुडघा होता. ऑपरेशन संपलं आणि दुसरं घमेलं भरून वाहायला लागलं. उजव्या पायाची अख्खी पेटी त्यात होती.

"सिस्टर, डावा पाय होता ना?"

"हो."

"मग उजव्याची पेटी कशाला उघडली?"

"असू दे म्हणून."

"पण डावा पाय उजवा कसा होईल?"

सिस्टरांनी घमेल्याकडे बघितलं. मग हसल्या. "आठच्या आठ येतात, आठच्या आठ उघडायच्या. असंच शिकवलंय आम्हाला. तू पहिलाच विचारणारा निघालास."

न वापरलेले तुकडेही तसेच घासायचे, तीन पाण्यांतून काढायचे. कारण एकदा हवेला उघडे झाले की ते वापरल्यासारखेच. नळ सुरू होता आणि मला आईची आठवण होत होती. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या पाड्यावर आई डोंगराच्या पोटातल्या झऱ्यावर जाते, वाटीनं हंडा भरते, दोन हंडे आणायला तिचा अर्धा दिवस जातो. कोणाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. सिस्टरांच्या हातांना त्या पाण्यानं भेगा पडल्या होत्या. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.

वाफेच्या भट्टीत एका वेळी दोनच पेट्या मावत. म्हणजे आठ पेट्यांना चार फेऱ्या. म्हणून त्या दवाखान्यात दिवसाला दोनच ऑपरेशनं होत, आणि तिसऱ्या पेशंटला "पुढच्या आठवड्यात या" म्हणून घरी पाठवत. मंगळवारी तशी एक बाई पायरीजवळ बसली होती. भात लावायला वाकून वाकून गुडघे गेलेली. टेकू घ्यायला तिच्या हातात काठीऐवजी मोडक्या छत्रीचा दांडा होता.

संध्याकाळी डॉक्टरसरांनी माझी वही बघितली. ते मोजकं बोलतात. चहाचा कप वहीवर ठेवता ठेवता उचलला, आणि विचारलं, "हे तू स्वतः मोजलंस?"

"हो सर. सिस्टरांनी मदत केली."

"या बायकांची हाडं बारीक. मापं एक आणि दोन. मोठ्या मापांना इथं मी वर्षात क्वचित हात लावतो." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "आणि हे पाणी, वीज, भट्टी सगळं शेवटी पेशंटच्याच बिलात जातं."

बुधवारी त्यांनी एक्स-रे लावून बघितले. घोटीला एक्स-रे काढताना गुडघ्याशेजारी एक लोखंडी गोळी ठेवतात. गोळीचा खरा आकार माहीत असतो, त्यावरून हाडाचं माप काढता येतं. सरांनी माप काढलं, आणि तीन पेट्या बाजूला ठेवायला सांगितल्या. पाच पेट्यांत काम झालं. भट्टीची एक फेरी वाचली, धुणं लवकर आटोपलं, आणि दुपारी अडीच वाजता मंदा सिस्टरांनी आजही उपाशीपोटी पायरीजवळ येऊन बसलेल्या त्या बाईला हाक मारली.

"या आक्का. तुमचा नंबर लागला."

ती बाई उठेना. तिला वाटलं, आपल्याला घरी जायला सांगताहेत.

जाताना सर मला म्हणाले, "यादी मी ठरवणार. तू मोज, आणि मला विचार. विचारल्याशिवाय काही काढायचं नाही." मी मान डोलावली. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहितो आहे. मी ते ऐकलं होतं.

त्या दिवशी सिस्टरांनी मला त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ दिली. जेवताना त्यांनी एक हिरवं कापड उजेडात धरून दाखवलं. पेट्या गुंडाळायचं. "इतर ठिकाणी निळा कागद आलाय, एकदा वापरला की फेकायचा. मी अजून कापड धुते. पण रोज असं उजेडाला धरायचं. टाचणीएवढा उजेड आरपार दिसला तरी कापड बाद. हौस म्हणून बचत नाही करायची. आधी पेशंट, मग तुझं पर्यावरण."

ओझर, गुरुवार

गुरुवारी सकाळी नाशिकच्या गोदामात आम्ही मनमाडसाठी पेट्या भरत होतो. शुक्रवारची एकच केस होती. चिठ्ठीवर लिहिलेलं: स्त्री, वय चौसष्ट, डावा गुडघा.

मी घोटीचे सगळे आकडे पुन्हा बघितले. बाई. डावा पाय. उजव्या पायाची पेटी नको, हे तर उघडच होतं. आणि मोठ्या मापांची पेटी? पाच बायकांपैकी एकीलाही ती लागली नव्हती. मी सरांना मेसेज केला: "सर, मनमाडला उजव्याची आणि मोठ्या मापांची पेटी नेली नाही तर चालेल का?"

तासाभरानं मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

आता इथे मला माझ्या गावाबद्दल सांगावं लागेल. आमच्याकडे थोरामोठ्याला एखादी गोष्ट विचारली आणि तो ऐकून गप्प बसला, तर तो होकार असतो. नकार असेल तर तो बोलतो. बाबांना कॉलेजात जाऊ का म्हणून मी विचारलं, तेव्हा ते विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. धार लावत राहिले. दुसऱ्या दिवशी मी नाशिकची एसटी धरली.

"सरांना विचारलं का?" अण्णांनी विचारलं.

"विचारलंय."

"काय म्हणले?"

"बघितलाय मेसेज."

अण्णांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "बघ बाबा. कॉलेज तू केलंय." आणि दोन पेट्या गोदामातच राहिल्या.

मुक्काम अण्णांच्या घरी, ओझरला. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले, जणू सगळी बाग पेपर वाचत बसली आहे. घरी अण्णांचे वडील, नाना. ते विमानांच्या कारखान्यात हत्यारांच्या भांडारात नोकरीला होते. अंगणात खाटेवर बसून ते मला विचारत होते, मी काय करतो. मी सांगितलं. त्यांना फार आनंद झाला.

"अरे, हे तर माझंच काम. आमच्याकडं भिंतीवर प्रत्येक पान्याची सावली रंगवलेली असायची. पाना जागेवर नसला की सावली दिसायची. एक जरी सावली उघडी, तरी विमान उडणार नाय. आणि कोणी अख्खी पेटी मागितली, तर आम्ही द्यायचो नाय. कामाची चिठ्ठी आण, त्यात लिहिलंय तेवढंच ने."

"म्हणजे तुम्हीच ठरवायचा ना, काय द्यायचं?"

"मी? मी कोण? मी भांडारवाला. विमानाच्या पोटात हात घालणारा माणूस चिठ्ठी लिहिणार, सही करणार. मी वाचून देणार. मी माझ्या मनानं एक पाना कमी दिला आसता, तर मला त्याच दिवशी घरी बसवलं आसतं."

मी हे वहीत लिहून घेतलं. अक्षरशः लिहून घेतलं, खाली रेघ मारली. मग मोबाईल काढला. साडेसात झाले होते. सर घरी पोचले असतील, जेवत असतील. एकदा मेसेज केल्यावर पुन्हा फोन करायचा, म्हणजे "उत्तर का दिलं नाही" असं विचारल्यासारखं होईल. एवढ्या मोठ्या माणसाला ते कसं विचारायचं? मी मोबाईल खिशात ठेवला. अण्णांच्या घरच्यांनी मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी वाढली. मी दोन खाल्ल्या.

मनमाड, शुक्रवार

मनमाड लांबूनच ओळखू येतं. एक सुळक्यासारखा डोंगर, आणि सगळीकडून आलेले रूळ. दवाखान्याच्या गच्चीवरून मालगाड्या दिसत होत्या. आमच्याकडे गाडी म्हणजे दिवसातून दोन एसट्या. इथे दहा मिनिटं गाडी गेली नाही तर माणसं घड्याळ बघतात.

वॉर्डात केसरबाई बसल्या होत्या. मी त्यांना बघितलं आणि दारातच थांबलो. मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही बाईपेक्षा त्या उंच होत्या. खाटेवर बसलेल्या, तरी शेजारी उभ्या असलेल्या सुनेच्या खांद्याला त्यांचं डोकं लागत होतं. मनगट माझ्या मनगटाच्या दीडपट. तरुणपणी त्या स्टेशनच्या मालधक्क्यावर धान्याची पोती उचलायच्या, हे मला नंतर कळलं.

"तू कोना पोऱ्या शे?" त्यांनी विचारलं. मालेगावकडची त्यांची अहिराणी. "आठे बस. लाजू नको."

मी बसलो. मनातल्या मनात मी अजून मोजत होतो: मोठी माणसं म्हणजे मोठी हाडं असंच काही नाही.

त्या बोलत होत्या. काल रात्रीपासून उपाशी, तोंडात पाण्याचा थेंब नाही, तरी बोलत होत्या. त्यांचा मुलगा विलास मालगाडीचा गार्ड. घर रुळांपासून थोडं दूर, पण गच्चीवरून गाडी दिसते. विलास नोकरीला लागला तेव्हापासून गाडी तिथून जाताना शेवटच्या डब्यातून हिरवी झेंडी दाखवायचा, आणि केसरबाई गच्चीवरून पदर हलवायच्या. तीन वर्षांपासून त्यांना जिना चढता येत नव्हता.

"तो आजून दाखाडस," त्या म्हणाल्या. "गच्चीवर कोन्ही नही तरी दाखाडस."

विलासदादा शेजारीच उभे होते. त्यांनी मान फिरवली. "आई, किती सांगशील सगळ्यांना." आजच्यासाठी त्यांनी दोन महिने आधी रजा मागून ठेवली होती.

थोड्या वेळानं आतल्या सिस्टर बाहेर आल्या. मनमाडला सर ऑपरेशनआधी स्वतः यादी वाचून घेतात, पेशंटला भुलीची सुई देण्याच्या आधी. सिस्टरांनी मला नाही, अण्णांना विचारलं.

"पाच नंबरचं माप कुठाय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. "गोदामात राहिलं."

"सर म्हणतात, चार तरी लागेल, बहुतेक पाच. यात तर तीनपर्यंतच आहेत."

नाशिकला जाऊन परत यायचं तर दुपार होणार, आणि दुपारी सरांना दुसऱ्या गावी ऑपरेशन होतं. केसरबाईंना सुई दिली गेली नव्हती, एवढंच काय ते चांगलं होतं. सर बाहेर आले. त्यांनी विलासदादांना स्वतः सांगितलं की आज होणार नाही, पुढच्या शुक्रवारी करू.

विलासदादा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला पुढच्या शुक्रवारी रजा नाही मिळणार," एवढंच म्हणाले. "दोन माणसं आधीच सुटीवर आहेत."

"चूक माझी आहे," अण्णा म्हणाले. "पेटी मी विसरलो."

मला तोंडातून शब्द काढायला फार वेळ लागला. हे लिहिताना मला त्याचीच जास्त लाज वाटते. "नाही," मी म्हणालो. "अण्णा विसरले नाहीत. मी काढून ठेवली. मी सरांना मेसेज केला होता, आणि सरांनी बघितला, म्हणून मला वाटलं..."

"काय वाटलं?" सरांनी विचारलं.

"की हो म्हणताहात."

सर बराच वेळ गप्प होते. या वेळी मी त्या गप्पपणाचा कोणताच अर्थ लावला नाही.

"मेसेज मी बघितला होता," ते शेवटी म्हणाले. "दोन केसच्या मधे. उत्तर देऊ म्हटलं आणि राहून गेलं. ती माझी चूक. पण तू फोन करायला हवा होतास."

"तुम्हाला पुन्हा कसा करायचा, सर..."

"पुन्हा करायचा. दहा वेळा करायचा. मी चिडेन. चिडलो तर चिडलो. सुरीखाली मी नसतो, पेशंट असतो."

मी वॉर्डच्या बाहेर बाकावर जाऊन बसलो. तेवढ्यात सून, ज्योतीताई, बाहेर आल्या. "आई बोलावताहेत."

केसरबाईंच्या हातात आता चहा होता, आणि डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यांनी मोडायला घेतली होती. खाटेवर अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यासाठी ठेवलेला.

"तुन्हा खोकामा मन्हा गुडघानं माप नही, आसंच ना?"

"हो मावशी."

"लगीन व्हयनं तवय बांगड्याबी नही मिळन्यात मन्हा मापन्या. कासार परत गया." त्या हसायला लागल्या. मला हसू येईना. "खाई ले. तीन वरीस थांबनी, आखो आठ दिन."

ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, हे मला सोयीचं झालं. निघताना त्या म्हणाल्या, "माले फोन कर." मी हो म्हटलं. त्यासाठी ज्योतीताईंचा नंबर लिहून घेतला.

परत, शनिवार

शनिवारी सकाळी परत निघालो. चांदवडच्या घाटाजवळ चहाला थांबलो. मी म्हटलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"माझी नोकरी अठ्ठावीस वर्षांची हाय. ती एका पेटीनं जाणार नाय," अण्णा म्हणाले. "तुझा प्रकल्प पहिल्याच आठवड्यातला. तो गेला आसता."

"पण खोटं..."

"चहा पी, प्रोफेसर."

चहा झाल्यावर तिथूनच मी सरांना फोन केला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा उचलला. मी नानांच्या भांडाराबद्दल सांगितलं. म्हटलं, सर, एक चिठ्ठी करू. एक्स-रे सगळीकडे गोळी ठेवूनच काढायचा. माप तुम्ही लिहायचं, पेट्या तुम्ही लिहायच्या, खाली सही तुमची. लिहिलेल्या मापाच्या वरचं आणि खालचं मापही सोबत न्यायचं, पण ते बंदच ठेवायचं, लागलं तरच उघडायचं. आणि चिठ्ठी आली नाही, तर आठच्या आठ पेट्या.

"हे तुझं डोकं?"

"नाही सर. ओझरच्या नानांचं."

"मग त्यांना माझा नमस्कार सांग," सर म्हणाले. "आणि चिठ्ठी लिहून पाठव. आज."

पुढच्या शुक्रवारी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी मनमाडला जाऊ शकलो नाही. विलासदादांना रजा मिळाली नाही. ऑपरेशनच्या वेळी दाराबाहेर ज्योतीताईंच्या शेजारी अण्णा बसून राहिले. पेट्या सोडून ते एरवी लगेच निघतात. दुपारी त्यांचा फोन आला. "सहा नेल्या, चार उघडल्या, दोन गुंडाळलेल्या तशाच परत. पाच नंबर बसला. भूल कमरेखालीच, म्हातारी शुद्धीवर होती, आतून सरांना गोष्टी सांगत होती म्हणं."

प्रकल्प झाला. अहवाल दिला. घोटीला आता बहुतेक वेळा दिवसाला तिसरं ऑपरेशन होतं, असं मंदा सिस्टर सांगतात. मनमाडला लोखंडी गोळी आली. मी एवढं सगळं विचारून घेत होतो, पण केसरबाईंना फोन करत नव्हतो. कितीदा नंबर काढला. त्यांचं ऑपरेशन माझ्यामुळे लांबलं, मुलाची रजा माझ्यामुळे गेली. आता "कशा आहात" म्हणून कुठल्या तोंडानं विचारायचं? सरांना दहा वेळा फोन करायला शिकलो, पण हा एक फोन होईना. फेब्रुवारी गेला, मार्च गेला.

एप्रिलमध्ये मी गावी होतो. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त टेकडीवरच्या आंब्याखाली येते. संध्याकाळी तिथे गेलो की सगळ्या गावाचे मोबाईल एकदम वाजतात. त्या दिवशी माझा वाजला. ज्योतीताईंचा नंबर होता.

"का रे भो," केसरबाईंचा आवाज आला, "फोन कर सांगं व्हतं ना तुले?"

मी काहीतरी बोललो. माफी मागितली असेन. त्या ऐकत नव्हत्या.

"थांब. थांब जरासा."

मी थांबलो. मोबाईलमधून वारा येत होता. मग लांबून रुळांचा आवाज आला, आणि मालगाडीचे डबे जायला लागले. एकामागून एक, संपेचनात. मी आंब्याला टेकून सगळी गाडी ऐकली. आवाज दूर गेला.

"मावशी?"

"दाखाडी रे भो," त्या म्हणाल्या. "त्यानी झेंडी दाखाडी. आन मंग दोन्ही हातमा धरी हालाई, येडानी गत."

खालून ज्योतीताईंची हाक ऐकू आली. आई, उतरा आता, अंधार पडतोय, डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहू नका म्हणून सांगितलंय.

"वरडू दे तिले," केसरबाई मला हळूच म्हणाल्या. "आते खाले कोन उतरस."